ओळखीवर दिलेले कर्ज : महाराष्ट्रातील पतसंस्थांची सव्वाशे वर्षे

तालुक्याच्या कोणत्याही गावी एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडे निघाले की थोड्या अंतरात चार पाट्या दिसतात. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची शाखा, एखादी नागरी सहकारी बँक, एक नागरी सहकारी पतसंस्था आणि एक मल्टिस्टेट, म्हणजे बहुराज्य पतसंस्था. आत गेले तर सगळीकडे तसाच काउंटर, तसेच पासबुक, भिंतीवर सोनेतारण कर्जाची तशीच जाहिरात. ठेवीदार चौघींनाही बँकच म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. पहिल्या दोन ठिकाणी संस्था बुडाली तर पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. उरलेल्या दोन ठिकाणी एका रुपयालाही नाही. निवृत्त शिक्षक, भाजीविक्रेती, ऊसतोडणीची उचल जपून ठेवणारे कुटुंब यांना हा फरक बहुधा कळतो तो संस्थेचे शटर खाली आल्यावर.

ही स्थिती एका दिवसात आलेली नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी पतपुरवठ्याचा इतिहास नीट पाहिला तर त्याची सारी ताकद एका गोष्टीत होती असे दिसते : कर्ज देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत होते. संस्था वाढत गेल्या तशी ही ओळख विरत गेली. तिच्या जागी कडक तपासणी यायला हवी होती. बँक म्हणवणाऱ्या संस्थांना ती उशिरा का होईना मिळाली. पतसंस्थांना आजही पुरेशी मिळालेली नाही.

सुरुवात सावकाराच्या वहीपासून होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर धाव घेतली आणि दंगा पुणे-अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. या उठावात माणसे मारण्यापेक्षा कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर लोकांचा भर होता. आपल्यावरचे संकट कोणत्या कागदात आहे हे त्यांना नेमके माहीत होते. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला आणि रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. पण सावकाराचा हात आखडला, तर पेरणीला पैसा कोण देणार? विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १८८० च्या दशकात पुरंदर तालुक्यासाठी शेती बँकेची योजना मांडली. इथल्या सरकारची तिला अनुकूलता होती. लंडनने ती मोडीत काढली. सरकारी तगाई मात्र सुरू झाली. ती मिळवण्यासाठी कचेरीत किती खेपा घालाव्या लागत, हे त्या काळच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको होते.

कायद्याची वाट न पाहता पहिले पाऊल टाकले ते बडोद्यातल्या मराठी मंडळींनी. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये तिथे ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन केली. सभासदांची लहान बचत एकत्र करायची आणि त्यातूनच गरजू सभासदाला कर्ज द्यायचे, एवढीच कल्पना. देशात सहकाराचा कायदा व्हायला तेव्हा पंधरा वर्षे होती.

तो कायदा २५ मार्च १९०४ रोजी झाला. त्याची प्रेरणा जर्मनीतली. फ्रीडरिश राइफायझन यांनी तिकडच्या खेड्यांत आणि हेरमान शुल्त्से-डेलिच यांनी शहरी कारागिरांत उभ्या केलेल्या पतसंस्थांचा अभ्यास मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सन यांनी केला होता. राइफायझनच्या पद्धतीचा गाभा अमर्यादित जबाबदारीत होता. संस्था बुडाली तर प्रत्येक सभासदाच्या घरादारापर्यंत वसुली पोहोचणार. त्यामुळे शेजाऱ्याने बैलासाठी घेतलेले कर्ज बैलावरच खर्च होते ना, यावर सगळ्या गावाची नजर राही. वेगळा तपासनीस नेमायची गरज कमी पडे. आपल्या कायद्यानेही खेड्यातल्या संस्थांसाठी हेच तत्त्व घेतले : किमान दहा माणसे, एकमेकांना ओळखणारी, जबाबदारी अमर्यादित. मुंबई इलाख्यातली पहिली अशी संस्था १९०५ मध्ये धारवाड जिल्ह्यात गदगजवळ कणगिनहाळ इथे नोंदली गेली.

शहरांत चित्र वेगळे होते. १९०६ मध्ये पुण्यात आजची कॉसमॉस बँक सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत श्रीपाद सुब्राव तल्माकी यांनी आपल्या चित्रापूर सारस्वत ज्ञातीतल्या लोकांसाठी शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी काढली. तल्माकी पुढे सहकारी गृहनिर्माणाचेही प्रवर्तक ठरले. गावदेवीची सारस्वत वसाहत त्यांच्याच खटपटीतून उभी राहिली. १९१८ मध्ये सारस्वत बँकेचा पाया घातला गेला. या पहिल्या पिढीच्या शहरी संस्था ज्ञातीच्या आधाराने वाढल्या, आणि हे आढाव्यात स्पष्ट लिहायला हवे. ज्ञातीमुळे खात्री मिळाली. कर्ज थकवणाऱ्याला लग्नकार्यात तोंड दाखवायची लाज वाटे, म्हणून वसुली चोख झाली. पण ज्यांच्या ज्ञातीत शिलकीचा पैसाच नव्हता, त्यांच्यासाठी हे दार उघडले नाही. गिरणगावातला कामगार पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या पठाण सावकाराच्याच हाती राहिला. ओळख हे भांडवल असेल, तर ते भांडवलही समाजात विषम वाटलेले असते.

या अडचणीतून वाट काढली ती नोकरदारांच्या पतपेढ्यांनी. रेल्वे, पोस्ट, गिरण्या, नंतर नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि शाळा. इथे ओळख जातीची नव्हती, हजेरीपटाची होती. कर्जाचा हप्ता पगारातून परस्पर कापला जातो आणि सहकार कायद्याच्या ४९ व्या कलमाने ही कपात मालकाला बंधनकारक केली आहे. सगळ्या प्रकारांत हाच सर्वांत कमी बुडणारा. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्राथमिक शिक्षकांच्या पतसंस्थांच्या निवडणुका किती चुरशीने लढवल्या जातात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एक गोष्ट मान्य होईल : सभासदाला संस्था आपली वाटते तिथे तो ताळेबंद वाचतो आणि सर्वसाधारण सभेत उभे राहून प्रश्नही विचारतो.

खेड्यातला प्रवास इतका सरळ झाला नाही. १९११ मध्ये लल्लूभाई सामळदास आणि विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली. तीच पुढे राज्याची शिखर बँक झाली. लल्लूभाईंचे चिरंजीव वैकुंठभाई मेहता यांनी तिथे उमेदीची वर्षे घातली. सोसायटीच्या कागदांपलीकडे जाऊन कर्जदाराच्या शेतापर्यंत बघणारा कारभारी, असा लौकिक त्यांनी मिळवला. १९२३ मध्ये लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटील यांनी पतपेढी सुरू केली. पण १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि गावोगावच्या सोसायट्या थकबाकीत रुतल्या. जवळजवळ पन्नास वर्षांच्या चळवळीने काय साधले याचा हिशेब पुढे रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने दिला. गोरवाला समितीच्या या पाहणीत धनंजयराव गाडगीळही होते. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला. सावकारांचा जवळजवळ ७० टक्के. सुप्याच्या दंग्याला तेव्हा पाऊणशे वर्षे होऊन गेली होती.

याचा अर्थ सहकार फसला असा समितीने काढला नाही. सहकार यशस्वी व्हायलाच हवा, असा निष्कर्ष तिने काढला आणि सरकारी भागभांडवल, पतपुरवठ्याची विक्रीव्यवस्थेशी सांगड असे मार्ग सुचवले. महाराष्ट्रात ही सांगड उसाने घातली. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला होता. शेतकरी विकास सोसायटीकडून पीककर्ज घेई, ऊस कारखान्याला घाली आणि कारखाना बिलातून कर्ज कापून सोसायटीला भरी. जिथे ऊस होता तिथे सोसायट्या जगल्या. जिथे कपाशी किंवा ज्वारी होती, पाऊस बेभरवशाचा आणि मालाला बांधीव गिऱ्हाईक नाही, तिथे त्या थकबाकीच्या ओझ्याखाली वाकल्या. विदर्भ-मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्या जिल्हा बँकांत आज जी दरी दिसते तिचे बरेचसे कारण इथे आहे. कर्जमाफ्यांनी शेतकऱ्याला त्या त्या वेळी श्वास घेता आला, सोसायट्यांची वसुलीची शिस्त मात्र प्रत्येक वेळी ढिली झाली. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

मूळ प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वळण १९६० च्या दशकात आले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला आणि नोंदणी, निवडणूक, लेखापरीक्षण, वसुली, प्रशासक नेमणे हे सगळे सहकार निबंधकाच्या हाती आले. १ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला. त्यांच्या बँकिंग व्यवहारावर रिझर्व्ह बँकेची देखरेख आली. १९७१ मध्ये ठेव विम्याचे छत्र या बँकांवर आले. बँक हे नाव लावू न शकणाऱ्या पतसंस्था मात्र अलीकडच्या काठावर राहिल्या. तेव्हा त्यात कोणाला धोका दिसला नाही, आणि ते समजण्यासारखेही आहे. पतसंस्था म्हणजे पेठेतले शंभर-दोनशे सभासद, संध्याकाळी दोन तास उघडणारी खोली, दुपारी दुसरी नोकरी करणारा सचिव. आपसांतल्या व्यवहाराला रिझर्व्ह बँक कशाला हवी?

पुढच्या दोन दशकांत हे चित्रच बदलले. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर मोठ्या बँका तालुक्याला आल्या खऱ्या, पण पानटपरीवाला, शिंपी, रिक्षाचालक, बांगड्या विकणारी बाई यांना त्या काउंटरवर उभे राहण्याचा धीर होत नसे. कागदपत्रे कुठली आणायची, तारण काय द्यायचे? पतसंस्थेने दोन साधने वापरली. एक पिग्मी. रोजची लहान बचत दारात जाऊन गोळा करण्याची ही पद्धत उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, १९२८ मध्ये दोन आण्यांपासून सुरू केली होती. महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी ती घरोघरी नेली. पिग्मी एजंट रोज दुकानात येतो, दहा-वीस-पन्नास रुपये घेतो आणि त्या येण्यातच त्याला दिसते की गल्ला कसा चालला आहे, माल भरला आहे की फळ्या रिकाम्या आहेत. दुसरे साधन दोन जामीनदारांचे. कर्ज थकले की जामीनदार स्वतःच कर्जदाराच्या घरी जाई. राइफायझनची अमर्यादित जबाबदारी इथे वेगळ्या रूपात जिवंत होती.

या लाटेतून उभी राहिलेली सर्वांत मोठी संस्था म्हणजे बुलडाणा अर्बन. राधेश्याम चांडक यांनी १९८६ मध्ये ७२ सभासद आणि १२ हजार रुपयांच्या भांडवलावर ती सुरू केली. पुढे ती अनेक राज्यांत पसरली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या पतसंस्थांमध्ये गणली जाऊ लागली. तिच्या वाढीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग गोदामांचा आहे. सुगीला सोयाबीन, तूर, हरभरा एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. हातात पैसा हवा म्हणून शेतकऱ्याला तेव्हाच विकावे लागते. माल गोदामात ठेवून पावतीवर कर्ज मिळाले तर उधारी फेडता येते आणि भाव चढेपर्यंत थांबता येते. कागदावर हे सोपे वाटते, पण मालाची प्रत तपासणे, ओल मोजणे, कीड लागू न देणे, विम्याची काळजी घेणे ही सगळी व्यवस्था गावाजवळ उभी करावी लागते. ती या संस्थेने केली. त्याच जिल्ह्यातल्या मध्यवर्ती बँकेला मात्र गेल्या दशकात रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळवण्यासाठी सरकारी भांडवलाची वाट पाहत बसावे लागले. जिल्हा एक, शेतकरी तेच, पाऊसही तोच. कारभाराने किती फरक पडतो याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

स्त्रियांच्या संस्थांचा उल्लेख यात नेहमी शेवटी आणि घाईने होतो, म्हणून मी तो इथेच करतो. पुण्यात १९७४ मध्ये भगिनी निवेदिता सहकारी बँक सुरू झाली, तिचा कारभार स्त्रियांच्या हाती. मुंबईत १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी खानावळ चालवणाऱ्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. १९९७ मध्ये परवाना मिळाला. माण तालुक्यातल्या दुष्काळी गावांत बाजाराच्या दिवशी माल विकून संध्याकाळी शिल्लक खात्यात भरणारी बाई हे त्या बँकेचे बळ आहे.

आता पडझडीकडे. १९९३ नंतर नागरी बँकांना परवाने सढळपणे मिळू लागले. त्यांतल्या जवळजवळ एकतृतीयांश बँका थोड्याच काळात कमकुवत झाल्याचे रिझर्व्ह बँकेनेच पुढे नोंदवले. २००१ मध्ये शेअर बाजाराला कर्ज देऊन अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक कोसळली आणि काही वर्षांत नव्या नागरी बँकांचे परवाने थांबले. ज्यांना बँक काढायची होती, त्यांनी पतसंस्था काढल्या. ज्यांच्या पतसंस्था मोठ्या झाल्या होत्या, त्यांना २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याची वाट मिळाली. दोन राज्यांत सभासद दाखवले की नोंदणी केंद्रीय निबंधकाकडे जाते. जिल्ह्याच्या उपनिबंधकाचे, निदान जवळून पाहणारे, डोळे सुटतात. दिल्लीहून नांदेडच्या किंवा जळगावच्या शाखेत कोण येणार? माझ्या मते पतपुरवठ्याच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी धोरणचूक होती. रिझर्व्ह बँकेने दार बंद केले आणि बाजूची भिंत पाडून ठेवली गेली.

परिणाम सगळ्यांसमोर आहेत. जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्था २०१५ च्या सुमारास कोसळली. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या आदर्श नागरी पतसंस्थेचा घोटाळा बाहेर आला. त्याच सुमारास बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट बंद पडली आणि ठेवीदारांचा पैसा त्याच समूहाच्या उद्योगांकडे वळवल्याच्या आरोपांची चौकशी सक्तवसुली संचालनालयापर्यंत गेली. अशा प्रकरणांची घडण बहुधा सारखीच निघते. बँकेपेक्षा बरेच जास्त व्याज. संचालकांच्या नातलगांना किंवा कंपन्यांना मोठी कर्जे. खऱ्या सभासदांपेक्षा कितीतरी अधिक ‘नाममात्र सभासद’, ज्यांना मताचा अधिकार नाही. पतसंस्थेने ठेवी फक्त सभासदांकडून घ्यायच्या असतात, या नियमाला त्यांच्या नावे बगल दिली जाते. ठेवीदार हजारो आणि मतदार मूठभर असतील, तर सर्वसाधारण सभा कोणाला जाब विचारणार?

बँकाही बुडतात. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेत एकाच बांधकाम समूहाला दिलेले कर्ज हजारो बनावट खात्यांआड लपवले गेले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. कामगारांना कर्ज मिळावे म्हणून जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६८ मध्ये सुरू केलेली न्यू इंडिया सहकारी बँक फेब्रुवारी २०२५ मध्ये १२२ कोटींच्या अपहारामुळे निर्बंधांखाली आली. पण फरक पाहा. पीएमसीनंतर ठेव विमा एक लाखावरून पाच लाख झाला, निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली आणि न्यू इंडिया बँक काही महिन्यांतच सारस्वत बँकेत विलीन झाली. पतसंस्थेच्या ठेवीदाराच्या वाट्याला १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायदा येतो : मालमत्ता जप्त, मग न्यायालय, मग लिलाव, मग वाटप. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव या वाटेने परत येईपर्यंत लग्न होऊन गेलेले असते, नाहीतर मोडलेले असते.

उपाय अगदीच झाले नाहीत असे नाही. बिगरशेती पतसंस्थांसाठी राज्याने नियामक मंडळ स्थापन केले आहे, स्थिरीकरण व तरलता साहाय्य निधीची तरतूद केली आहे. बहुराज्य कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन निवडणूक प्राधिकरण, लोकपाल आणि आजारी संस्थांसाठी पुनर्वसन निधी आला. नागरी बँकांची शिखर संस्था २०२४ पासून काम करू लागली आहे. पण पतसंस्थांचा निधी म्हणजे ठेव विमा नव्हे. ठेवीदाराला त्यातून ठराविक रक्कम हक्काने मागता येत नाही.

लेखापरीक्षणाचा प्रश्न तर तसाच आहे. पतसंस्थांच्या दारांवर ‘सतत ऑडिट वर्ग अ’ असे अभिमानाने लिहिलेले असते, आणि बुडालेल्या संस्थांच्या दारांवरही ते होते. २०१३ च्या दुरुस्तीनंतर संस्था सरकारमान्य यादीतून आपला लेखापरीक्षक स्वतः निवडते. निवड सर्वसाधारण सभेची, पण नाव सुचवणारे संचालक मंडळच. ज्याची तपासणी व्हायची त्यानेच तपासनीस आणायचा ही पद्धत ठेवींचा आकडा एका मर्यादेपलीकडे गेलेल्या संस्थांसाठी तरी बंद झाली पाहिजे. लेखापरीक्षक नियामक मंडळाने पाळीपाळीने नेमावा. नाममात्र सभासदांकडून ठेवी घेणे थांबवावे. ठेव ठेवणाऱ्याला मत मिळालेच पाहिजे. संचालक आणि त्यांच्या नातलगांना दिलेल्या कर्जांची यादी दर तिमाहीला शाखेच्या फलकावर लावावी. आणि पाटीवर, पासबुकावर, ठेवपावतीवर मोठ्या अक्षरांत छापणे सक्तीचे करावे की या ठेवीला ठेव विमा लागू नाही. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही. सहकार आयुक्तांनी मनावर घेतले तर पुढच्या आर्थिक वर्षाच्या पासबुकांपासून ती सुरू होऊ शकते.